मदत हवी आहे: शेकरूच्या वंशवृक्षात अडकलोय, शनिवारपर्यंत फलक करायचा आहे

पायवाट (कोथरूड)

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्या सोसायटीतली चौदा मुलं आणि आम्ही काही पालक एसटीने भीमाशंकरला निघालोय. त्याआधी मुलांनी काढलेला एक मोठा फलक खालच्या हॉलमध्ये लावायचाय: शेकरू कोण आणि त्याची भावकी कोण. चित्रं झाली आहेत, वंशवृक्षापाशी मात्र आम्ही अडकलोय.

माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात भीमाशंकरच्या शेकरूचं नाव तीन शब्दांचं आहे: रटुफा इंडिका एल्फिन्स्टोनी. मागे एका प्रदर्शनात नुसतं रटुफा इंडिका लिहिलं होतं आणि खाली छापलं होतं, ‘ही प्रजाती फक्त भीमाशंकरला आढळते.’ पण महाबळेश्वरला आणि दांडेलीला मी स्वतः शेकरू पाहिलंय. मग ती कोण?

दुसरा प्रश्न सातवीतल्या एका मुलीचा. आंब्यावर पळणारी पट्ट्यांची खार शेकरूची नक्की कोण लागते? सख्खी, चुलत की नुसती गाववाली? तिने उडणारी खार शेकरूच्या अगदी शेजारच्या फांदीवर काढलीय, कारण दोघंही मोठे आणि दोघंही झाडावरच राहणारे. हे बरोबर आहे का? लहानपणी भिंतीवर वाचलेलं डोक्यातून जात नाही, म्हणून चुकीचं काही लावायचं नाहीये.

रानखुणा

आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

शेकरू, आंब्यावरची खार आणि उडणारी खार हे तिघेही एकाच कुळातले, सायुरिडी म्हणजे खारींचं कुळ. पण या कुळात पाच उपकुळं आहेत आणि हे तिघे तीन वेगवेगळ्या उपकुळांत बसतात. शेकरू रटुफिनीत. आंब्यावरची खार, मग ती तीन पट्ट्यांची असो की पाच पट्ट्यांची, कॅलोसायुरिनीत. उडणारी खार सायुरिनीत. म्हणजे तिघांचं आडनाव एक, पण वाडे वेगळे. राहिलेल्या दोनांपैकी झेरिनीत जमिनीवरच्या बऱ्याच खारी येतात, लडाखला दिसणारा मार्मोटही त्यातलाच. आणि सायुरिलिनीत दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली एकच चिमुकली खार.

शेकरूची फांदी या झाडावर फार खाली, बुंध्याजवळ फुटते. सायुरिनी, कॅलोसायुरिनी आणि झेरिनी हे तिघे एकमेकांना जितके जवळचे, तितकं शेकरू त्यांतल्या कुणालाच जवळचं नाही. म्हणून आंब्यावरची खार दिसायला शेकरूची छोटी आवृत्ती वाटली, तरी नात्याने ती उडणाऱ्या खारीला जास्त जवळची आहे.

पूर्वी उडणाऱ्या खारींना इतर सगळ्या खारींपासून वेगळं काढत, काही जण तर त्यांचं कुळच वेगळं मानत. पायांमधला तो पडदा बघून तसं वाटणं साहजिक होतं. 2003-04 च्या सुमारास जनुकांवरून खारींची नाती तपासली गेली, तेव्हा त्या सायुरिनीच्या पोटातच निघाल्या. तेव्हा तुमच्या चित्रकार मुलीला उडणाऱ्या खारीची फांदी उचलून दुसरीकडे न्यावी लागेल. मोठं असणं आणि झाडावर राहणं ही नात्याची खूण नाही. शिवाय शेकरू दिवसा हिंडतं आणि उडणारी खार रात्री.

उंबरठा (न्यू जर्सी)

रानखुणा, म्हणजे इथे माझ्या परसात रोज दाणे पळवणारी करडी खार आणि आपल्या सह्याद्रीतली उडणारी खार या एकाच उपकुळातल्या? आणि शेकरू या दोघींपासून सारखंच लांब?

रानखुणा

हो, अगदी तसंच. फलकावर ही करडी खारही काढा. मुलांना ते पटकन समजेल.

जुनी वही (सदाशिव पेठ)

पायवाट, आता नावांचं.

गोंधळाचं मूळ ‘प्रजाती’ या शब्दात आहे. मराठी जीवशास्त्रात प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे त्याच्या आतला. रटुफा ही प्रजाती, इंडिका ही तिच्यातली जाती. वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती म्हणतात आणि तिथून पुढे सगळं बिघडतं. फलकावर कुळ, उपकुळ, प्रजाती, जाती, उपजाती असाच क्रम ठेवा.

रटुफा प्रजातीत आज चार जाती मानतात. आपलं शेकरू, इंडिका, फक्त भारतात सापडतं. काळी पाठ आणि पिवळट पोट असलेली बायकलर आपल्या ईशान्येपासून पार जावापर्यंत. करड्या रंगाची मॅक्रोरा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, तिच्यासाठी तमिळनाडूत श्रीविल्लिपुत्तूरला अभयारण्य आहे. चौथी अफिनिस मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओकडची, ती भारतात नाही.

इंडिकाला 1777 मध्ये एर्क्सलेबेन या जर्मन अभ्यासकाने नाव दिलं, तेव्हा ती साध्या खारींच्या सायुरस प्रजातीत होती. रटुफा हे नाव ग्रे यांनी 1867 मध्ये दिलं. एल्फिन्स्टोनी मात्र आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. कंपनी सरकारच्या फौजेतले कर्नल साइक्स दख्खनमध्ये प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी करत हिंडले आणि 1831 मध्ये त्यांनी या शेकरूला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं. हा तोच एल्फिन्स्टन, पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट. 1817 मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरचा ज्याचा बंगला जाळला गेला, तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. भीमाशंकरच्या झाडावर त्याचं नाव अजून टिकून आहे.

पण एल्फिन्स्टोनी ही उपजाती आहे, जाती नव्हे. शेकरूच्या उपजाती मुख्यतः रंगावरून पाडल्या आहेत. दक्षिणेकडच्या मॅक्सिमाच्या अंगावर काळा रंग बराच, आपल्याकडचं शेकरू तांबूस. डांगमधली फिकट डीअलबाटा तर नामशेष झाली असावी असं मानतात. किती उपजाती मानायच्या यावर एकमत नाही. कुणी चार-पाच धरतं, कुणी सात-आठ, आणि आकडा कमी धरणारे एल्फिन्स्टोनीला इंडिका उपजातीतच घालतात. म्हणून तुमचं पुस्तकही खोटं नाही आणि प्रदर्शनातलं दोन शब्दांचं नावही. चुकलं ते खालचं वाक्य. तुम्ही महाबळेश्वरला आणि दांडेलीला पाहिलंत तेही रटुफा इंडिकाच.

पायवाट

दोघांचे मनापासून आभार. मग असं लिहू का: ‘शेकरू. जाती रटुफा इंडिका. भीमाशंकरच्या शेकरूला काही अभ्यासक एल्फिन्स्टोनी ही वेगळी उपजाती मानतात.’ एवढं पुरे?

जुनी वही

पुरे. ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी’ हेही घाला. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये झालं, ते वर्षही लिहा.

रानखुणा

चित्राबद्दल एक सुचवतो. शेकरू खारीसारखं ताठ बसून, शेपूट पाठीवर घेऊन काढलं असेल तर बदलून घ्या. खाताना ते बहुतेक वेळा फांदीवर आडवं ओणवतं: मागचे पाय फांदीला घट्ट, तोंड आणि हात एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला तोलासाठी लोंबणारी. तिथे गेल्यावर मुलांना हीच लोंबती शेपूट शोधायला सांगा. पानांत अंग दिसत नाही, शेपूट दिसते. सकाळी लवकर पोचा, दुपारी ते पडून असतं. आणि देवळाच्या वाटेवर कुणी काही खायला घालत असेल, तर मुलांना तिथून पुढे न्या.

पायवाट

शुक्रवार रात्र. उडणाऱ्या खारीची फांदी वर सरकली, शेजारी न्यू जर्सीची करडी खार आली. मुलीने शेकरूची फांदी बुंध्याजवळून नव्याने काढली आणि त्याला ओणवंही केलं. फलक उद्या सकाळी लागेल. रविवारी शेकरू दिसलं तर त्याचा रंग नीट टिपून इथे लिहितो.