डीएनएची 'क्षती' आणि 'उत्परिवर्तन' समानार्थी आहेत का?

अक्षरवेल: वार्धक्यावरच्या लेखांत 'डीएनए डॅमेज'साठी कुठे 'जनुकीय दोष', कुठे 'उत्परिवर्तन', कुठे 'क्षती' असं वाचायला मिळतं. कोणताही शब्द चालेल का?

पेशीकेंद्र: नाही. क्षती म्हणजे रेणूची मोडतोड: धागा तुटणं, बेस (डीएनएची 'अक्षरं': अ‍ॅडेनिन-ए, थायमिन-टी, सायटोसिन-सी, ग्वानिन-जी) गळून पडणं, अतिनील किरणांनी शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटणं. नुसते बेस गळण्याचेच प्रकार एका पेशीत रोज हजारोंनी होतात. उत्परिवर्तनात मोडतोड नसते; दोन्ही धाग्यांवरची जोडी नीट जुळलेली असते, फक्त अक्षर बदललेलं असतं.

सायटोसिनचा अमिनो गट गेला की युरॅसिल उरतो. ही क्षती. ग्लायकोसिलेज हा विकर (एन्झाइम) युरॅसिल छाटतो, दुसरा विकर त्या जागी धागा कापतो, पॉलिमरेज नवा सायटोसिन बसवतो आणि लायगेज धागा सांधतो. हे होण्याआधीच डीएनएची प्रत निघाली, तर युरॅसिलसमोर अ‍ॅडेनिन येतो आणि त्याच्या पुढच्या प्रतीत सी-जीच्या जागी टी-ए कायमचं बसतं. आता ते उत्परिवर्तन. दुरुस्ती करणाऱ्या विकरांना त्यात वावगं काहीच दिसत नाही.

अक्षरवेल: मग म्हातारपण नेमकं कशामुळे?

पेशीकेंद्र: इथेच शब्द जपून वापरायला हवा. कोकेन (Cockayne) सिंड्रोम या जन्मजात आजारात जनुक वाचताना आड येणारी क्षती दुरुस्त होत नाही. मुलं खुरटतात, डोळे खोल जातात, ऐकू येईनासं होतं, पण त्वचेचा कर्करोग वाढत नाही. उलट काहींच्या, डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेजमध्ये चुका तपासणारा भागच जन्मतः सदोष असतो. त्यांच्या निरोगी ऊतींतही उत्परिवर्तनं जास्त सापडतात, कर्करोगाचा धोका वाढतो, पण अकाली वार्धक्याची लक्षणं दिसली नाहीत (२०२१चा अभ्यास). त्यामुळे 'उत्परिवर्तनं साचली म्हणून माणूस म्हातारा होतो' हे सिद्ध झाल्यासारखं लिहू नये.

रेणूबंध: 'जनुकीय दोष' मात्र टाळाच. वाचक तो जन्मजात समजतो. शरीरपेशींतली क्षती मुलाबाळांत उतरत नाही, शिवाय ती सगळ्या डीएनएत होते आणि त्यातला प्रथिनांची माहिती असलेला भाग जेमतेम दोन टक्के. 'डीएनए-क्षती' लिहा.

'सेनेसंट' पेशीला 'मृत पेशी' म्हणणंही चूक. क्षती फार झाली की पी५३ प्रथिन विभाजन रोखतं. अशी सेनेसंट पेशी जिवंत असते आणि दाह वाढवणारी रसायनं आसपास सोडत राहते. 'जराग्रस्त पेशी' चालेल. पहिल्या उल्लेखात 'विभाजन कायमचं थांबलेली' एवढं जोडा.