मदत हवी आहे : भाच्याला काय सांगू?

नमस्कार मंडळी. माझा भाचा बार्शीहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतोय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक (म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची) झाली, तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नाही. त्यात आता एका खासगी बँकेत नोकरी चालून आलीय. परवा अभ्यासिकेतून थेट घरी आला, चहावर साय धरेपर्यंत कपाच्या कडेवर बोट फिरवत बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा."

सांगणारे रग्गड आहेत. क्लासचे सर म्हणतात, सोडू नकोस (त्यांची फी त्यातच आहे म्हणा!). रूममेट म्हणतो, खुल्या गटाला वय ३८ पर्यंत आहे, घाई काय? आणि ताई मला गुपचूप फोन करते, "नोकरी धर म्हणावं, तुझं ऐकेल तो." म्हणजे शब्द तिचे, तोंड माझं, आणि उद्या बिनसलं तर खापरही माझ्याच डोक्यावर.

मला तर वाटतं, त्याचं मनात ठरलंय, फक्त कुणीतरी हो म्हणायला हवंय. पण काय ठरलंय, ते काही ओठांवर येत नाही. 'तुझं तू बघ' म्हटलं तर पोरगं हातपाय गाळेल.

नोकरी सांभाळून वर्णनात्मक पेपरची तयारी कुणी केली आहे का? उत्तरलेखनाला रोज कितपत वेळ निघतो? अशा कुणी त्याच्याशी अर्धा तास बोललं तर फार बरं होईल. ताईला काय सांगावं, तेही सुचवा. स्वतःचा अनुभव असेल तरच लिहा, ऐकीव नको. शुक्रवारपर्यंत बँकेला कळवायचंय.