मदत हवी आहे: ओडोरिक यांच्या प्रवासातलं ठाणे आणि सोपारा

नमस्कार मंडळी. पोर्देनोनेचे ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन धर्मबंधूंवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. १३२१ साली ठाण्यात तोलेन्तिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन धर्मबंधू आणि त्यांचे तीन साथीदार मारले गेले. डॉमिनिकन या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचे धर्मबंधू जॉर्डानस यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे ओडोरिक आले आणि या चौघांच्या अस्थी सोबत घेऊन समुद्रमार्गे पार चीनपर्यंत गेले! आपल्या खाडीकाठी घडलेली एवढी मोठी गोष्ट, पण मराठीत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याची मनापासून खंत वाटते.

परतल्यावर १३३० मध्ये पादुआ इथे त्यांनी प्रवासवृत्तांत सांगून लिहून घेतला. पुढच्याच जानेवारीत उदिने इथे त्यांचं निधन झालं. १७५५ साली चर्चने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

त्या वृत्तांतातल्या ठाण्याच्या भागाचा मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? खिलजी-तुघलक काळातल्या ठाण्याच्या कारभारावर, विशेषतः तिथल्या काझीच्या अधिकारांवर, काय वाचावं? आणि वसई-नालासोपाऱ्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून या चौघांची काही आठवण, एखादं गाणं किंवा प्रार्थना ऐकली असेल तर कृपया सविस्तर लिहा. लॅटिन जाणणारं कुणी असेल तर फारच बरं, मूळ उतारे एकत्र बसून वाचता येतील.