सिलिकॉन ताणतच नाही मुळी

अंगाला चिकटवून हृदयाचे वगैरे सिग्नल टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांबद्दल कुणीतरी विचारलंय, की त्यातलं सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ, मग कातडीबरोबर ताणतं कसं? ते ताणतच नाही. त्याचा पापुद्रा इतका पातळ करतात की मोडण्याऐवजी वाकतो. ताण झेलतात त्या जोडणीच्या नागमोडी तारा. ओढलं की वळणं उलगडतात, सोडलं की परत जागेवर. अमेरिकी संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलेली पट्टी तर डिंकाशिवाय, नुसत्या व्हॅन डर वाल्स बलांवर (म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर) अंगाला चिकटत होती. मऊ असल्याने ती कातडीच्या बारीक रेघांतही बसते, म्हणून सिग्नल स्वच्छ मिळतो.

माझी खरी शंका घामाची, त्यात अशी पट्टी टिकेल का? इथे बडोद्यात मे महिन्यात सासूबाईंना होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं, अंगावर बाळगायचं यंत्र) लावला होता. दांडिया बाजारातून भाजी घेऊन येईपर्यंत एक इलेक्ट्रोड सुटून वायरीला लोंबत होता! (डॉक्टर म्हणाले, चालतं हो.)

घामालाच कामाला लावणाऱ्या पट्ट्याही आहेत म्हणा. बारीक नळ्यांतून घाम आत जातो आणि तिथल्या रसायनांचा रंग बदलून घामातलं क्लोराइड, लॅक्टेट किती ते कळतं. त्यातल्या काहींना बॅटरीसुद्धा लागत नाही, फोनने फोटो काढायचा. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.