मदत हवी आहे: सीबीएमसी पास म्हणतंय, तरी धाकधूक जात नाही

मंडळी, बोअरच्या मोटारीचा कंट्रोलर करतोय, सी भाषेत. पाणी नसताना मोटार १० सेकंदांच्या वर चालायला नको, एवढी एकच अट सीबीएमसीकडून (सी कोड गणिताने तपासणारं टूल) सिद्ध करून हवी आहे. मुख्य लूप कधीच न संपणारा, दर १०० मिलिसेकंदांनी एक फेरी. सीबीएमसीला २०० फेऱ्यांची मर्यादा दिली की ‘व्हेरिफिकेशन सक्सेसफुल’. अनवाइंडिंग असर्शन (दिलेल्या मर्यादेत लूप खरंच संपतो का, ही तपासणी) चालू केलं की लगेच नापास. ५०० फेऱ्यांवर रात्रभर लावून ठेवलं, सकाळी लॅपटॉपची मेमरी संपलेली.

मिलिसेकंद मोजणारा काउंटर ३२ बिटी अनसाइन्ड, म्हणजे ४९ दिवस १७ तासांनी परत शून्यावर. मोटार बंद करायची तपासणी: ‘आत्ता > सुरुवात + १००००’. २०० फेऱ्या म्हणजे जेमतेम २० सेकंद. त्यांच्या भरवशावर ४९ दिवस कसे काढू? (आपल्याकडे सलग ४९ दिवस वीज कुठे असते, हा विनोद ऑफिसात करून झालाय. बोर्डाला बॅटरी आहे.)

प्रतिसाद १
शून्यापासून सुरू करूच नका. काउंटर, सुरुवात आणि मोटारीची स्थिती, सगळ्यांना नॉनडेट (म्हणजे कोणतीही शक्य) किंमत द्या आणि लूपच्या आतला कोड एकदाच चालवा. आधी अझ्यूम (टूलने हे खरं धरून चालायचं): मोटार कोरडी चालू असेल तर ‘आत्ता − सुरुवात’ १०००० पेक्षा जास्त नाही. फेरीच्या शेवटी तेच असर्ट (टूलने हे खरं आहे का तपासायचं). बोर्ड चालू होतानाची स्थिती वेगळी तपासा. हे साधं इंडक्शन आहे: सुरुवातीला अट खरी आणि एक फेरी ती मोडत नाही, तर कितीही फेऱ्या मोडणार नाहीत. आणि ४९ दिवसांना हसू नका. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोलमधला काउंटर सलग २४८ दिवसांनी ओव्हरफ्लो व्हायचा. २०१५ मध्ये एफएएला (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) त्यावर आदेश काढावा लागला.

धागाकर्ता
दोन सेकंदांत नापास! मुदत काउंटर उलटायच्या ५ मिलिसेकंद आधी संपते, पुढची फेरी येते तोवर काउंटर शून्य ओलांडून गेलेला. तपासणी हुकली, मोटार कोरडी चालूच. ‘आत्ता − सुरुवात > १००००’ केलं, आता पास.

प्रतिसाद २
शेवटी एक मुद्दाम खोटं असर्ट टाकून बघा. तेही पास झालं तर तुमची अझ्यूम विधानंच एकमेकांना छेद देताहेत आणि सगळं पोकळ आहे. मी यात एक आठवडा घालवलाय.

धागाकर्ता
टाकलं, नापास झालं. हुश्श. पण काउंटर इंटरप्टमध्ये (मुख्य कोड मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) वाढतो आणि मायक्रोकंट्रोलर ८ बिटी, म्हणजे ३२ बिटी आकडा चार तुकड्यांत वाचला जातो. दोन तुकड्यांच्या मध्येच इंटरप्ट आला तर? हे मॉडेलमध्ये कसं बसवू?