गाभण घोडीला धनुर्वाताची लस कधी द्यायची, आणि शिंगराला कधी?

वस्तीवरचा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी घेतली. ती आमच्या बारामतीकडच्या वस्तीवर असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात घोडी लावल्याची तारीख आधीच्या मालकाच्या वहीत आहे, पण लसीचा कागद एकही नाही. "सगळं दिलंय" एवढं तोंडी सांगणं. आता मार्च लागला. डॉक्टर म्हणतात टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस, आत्ताच देऊ. वडील म्हणतात गाभण जनावराला सुई नको, गाभडेल. शेजारच्यांचं मत तिसरंच: शिंगरू झालं की त्यालाच टोचा, घोडीला कशाला? पहिलारू आहे, म्हणून काळजी वाटते. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
डॉक्टर बरोबर सांगताहेत. शेजाऱ्यांचं ऐकू नका.

बाईच्या पोटातल्या बाळाला वारेतूनच आईची प्रतिकारशक्ती मिळते. घोडीचं तसं नाही. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ शून्य असतं. जे मिळायचं ते पहिल्या चिकातून, आणि तेही आतड्याचं दार उघडं असेपर्यंत. पहिल्या काही तासांत ते सगळ्यात चांगलं शोषलं जातं, चोवीस तासांत दार बंद. त्यानंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल पण संरक्षण मिळणार नाही. म्हणजे शिंगराची लस खरं तर घोडीच्या मानेत, ती व्यायच्या महिना-दीड महिना आधी टोचली जाते. तेव्हा टोचली की ऐन वेळी चिकात संरक्षण भरपूर उतरतं.

घोडीचे दिवस साधारण 340, म्हणजे अकरा महिने. तुमची घोडी मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास व्याईल, थोडं मागेपुढे. जुनी लस माहीत नाही म्हणजे दिलीच नाही असं धरायचं. पहिला डोस या आठवड्यात, दुसरा चार आठवड्यांनी, एप्रिलच्या सुरुवातीला. दुसरा डोस बरोबर व्यायच्या पाच-सहा आठवडे आधी पडतो. एवढी नेमकी वेळ सहसा साधत नाही, ती घालवू नका. पुढे दरवर्षी एक, आणि गाभण असेल त्या वर्षी तो व्यायच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात.

वडिलांना सांगा, यात जिवंत जंतू नसतो. जंतूचं विष निकामी करून बनवलेली लस आहे ती, गाभण घोड्यांना मुद्दाम देतात. टोचल्या जागी थोडी सूज येते, एखादा दिवस घोडी मान वळवायला कुरकुरते, एवढंच.

आता मी पाहिलेलं सांगतो, म्हणजे घाई का ते कळेल. एका वस्तीवर शिंगराच्या नाळेला राख आणि शेण लावलं होतं. आठवडाभर छान बागडलं, मग दूध ओढेना. मी गेलो तेव्हा चारही पाय फाकवून लाकडी घोड्यासारखं ताठ उभं होतं. कान एकमेकांकडे ओढलेले, नाकपुड्या फुगलेल्या, शेपटी मुळाशी उचललेली. हनुवटीखाली हलकी टिचकी मारली तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा सर्रकन बुबुळावर आला. बाहेर कुणी बादली ठेवली, त्या आवाजाने सगळं अंग आखडलं. आईचं सड तोंडाशी होतं, जबडा उघडत नव्हता. वाचलं नाही. मोठी घोडी-घोडेही या रोगात निम्म्याहून जास्त जातात. उपचार म्हणजे अंधारी शांत जागा, सलाईन, पेनिसिलीन, अँटिटॉक्सिन (जंतूचं विष निकामी करणारं औषध) आणि वाट पाहणं.

धनुर्वाताचा जंतू घोड्याच्या लिदीत आणि मातीत असतोच, त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे नाळेला शेण, राख, माती काही नको. डॉक्टरांकडून क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं पातळ द्रावण आणून ठेवा आणि नाळ त्यात बुडवा.

माथेरानचा घोडेवाला
काका, शंभर टक्के पटलं. आमच्याकडे मोटारींना बंदी आहे, बरेच रस्ते म्हणजे लाल माती आणि लीद. खुरात खिळा किंवा काच गेली तर वरून जखम दिसत नाही, भोक लगेच मिटतं आणि आत हवा लागत नाही. या जंतूला नेमकं तेच हवं असतं. नालबंदाकडून नालेचा खिळा आत बसला, घोडा लंगडला, तर आम्ही खूर उघडून पू काढून घेतो आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. खच्ची करायचं असेल तरी आधी लसीचं पाहतो.

वस्तीवरचा
खूप आभार. आणखी तीन शंका. मधल्या काळात घोडीला जखम झाली तर? शिंगराला स्वतःची लस कधी? आणि चीक मिळाला नाही तर?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
दोन्ही डोस पुरे व्हायच्या आधी जखम झाली तर डॉक्टर अँटिटॉक्सिनचा विचार करतील. ते तयार संरक्षण असतं, लगेच लागू होतं, पण दोन-तीन आठवड्यांत संपतं. सोबत लस द्यायची असेल तर वेगळी सिरिंज, वेगळी जागा. अँटिटॉक्सिन घोड्याच्याच रक्तापासून बनतं आणि मोठ्या घोड्यात क्वचित काही आठवड्यांनी यकृताचा गंभीर आजार होतो. म्हणून ते उगाच प्रत्येक ओरखड्याला मागू नये. दोन्ही डोस झालेल्या घोडीला मात्र शेवटच्या डोसला सहा महिने उलटले असतील आणि जखम झाली, तर नुसता बूस्टर पुरतो.

शिंगराला पहिला डोस चार ते सहा महिन्यांचं झाल्यावर. तुमचं सप्टेंबर-ऑक्टोबरात येईल. त्याआधी आईकडून आलेलं संरक्षणच लसीला आडवं येतं. दुसरा चार-सहा आठवड्यांनी, तिसरा दहा-बारा महिन्यांचं असताना. हा तिसरा लोक हमखास विसरतात, कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

चीक मिळाला नाही, किंवा व्यायच्या आधीच घोडीच्या सडातून चीक गळून गेला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या घोडीचा चीक, अँटिटॉक्सिन, रक्ताची तपासणी, जे लागेल ते तेव्हाच होतं. लसही मग लवकर सुरू करतात.

आणखी एक. लस तुम्ही दुकानातून आणणार असाल तर थर्मासमध्ये आणा, 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. पण कुपी कागदात गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेली लस वितळली की दिसते तशीच, काम करत नाही. गोठली असेल तर फेकून द्या आणि दुसरी आणा.

वस्तीवरचा
वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. डॉक्टरांना फोन तेच करताहेत. परवा सकाळी पहिला डोस.