मदत हवी आहे: शहरातल्या नदीचा गाळ दरवर्षी काढायचा, तर पैसा कोणी द्यायचा आणि मेळ कोणी घालायचा?

नदीकाठ

नमस्कार मंडळी,

नदीकाठच्या वस्त्यांच्या नागरिक समितीत मी काम करते. आमच्या नदीचा गाळ फक्त पुरानंतर निघतो. पूर येतो, ओरड होते, निधी मंजूर होतो, पोकलेन उतरतात आणि पात्र मोकळं होतं. पुढचे काही पावसाळे तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, की पात्र पुन्हा जैसे थे. आता सगळ्या खात्यांची एकत्र बैठक होणार आहे आणि समितीने लेखी प्रस्ताव द्यायचा आहे. मला एकदाच्या मोठ्या उपशाचा प्रस्ताव नको, दरवर्षीच्या देखभालीचा हवा आहे. घोडं अडलंय ते तिथेच.

वरचा भाग पाटबंधारे खात्याकडे, शहरातला पालिकेकडे, खाडीलगतचा बंदर खात्याकडे. तिघांची अंदाजपत्रकं वेगळी, निविदा वेगळ्या, कामाचे महिनेही वेगळे. खालच्यांनी पट्टा खोल केला आणि वर सैल गाळ तसाच राहिला, तर पहिल्याच मोठ्या पाण्याला तो खाली येऊन बसतो. मग केलेल्या कामाचा पुरावाही उरत नाही.

जुन्या पुलाजवळ पावसाळी नाल्याचं तोंड नदीत उघडतं. त्याला लोखंडी झडप आहे. नदी चढली की ती आपोआप मिटायला हवी. पण उंबऱ्याशी गाळ घट्ट बसल्यामुळे ती वीतभर उघडीच राहते आणि मोठ्या भरतीला नदीचं पाणी नाल्यातून उलटं गल्लीत शिरतं, अगदी कोरड्या दिवशीही. तिथल्या एक आजी दाराशी विटा रचून ठेवतात आणि भरती ओसरली की उचलून बाजूला करतात. घमेलंभर गाळ वेळेवर निघाला तर त्यांना हे करावं लागणार नाही. पण झडप पालिकेची आणि तिच्यापुढचा गाळ बंदर खात्याचा, म्हणून तो काढायला कोणीच येत नाही.

माझे प्रश्न असे: दरवर्षीचा खर्च कोणत्या तत्त्वाने वाटावा? पैसा आटणार नाही अशी सोय कुठे झाली आहे का? आणि तिघांवर एक प्रमुख नेमायचा, तर त्याच्या हातात नेमकं काय द्यायचं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

मोजपट्टी

ताई, मी या कामातून निवृत्त झालोय. पैशाच्या आधी मोजणीचं बोला. देखभाल म्हणजे किती, हे आकड्यात ठरलेलं नसेल तर खर्चाची वाटणी हवेतच राहते.

प्रत्येक ठरावीक अंतरावर पात्राचा आडवा छेद हवा: तळाची पातळी, तळाची रुंदी, काठांचा उतार. एवढी वहनक्षमता (पाणी वाहून नेण्याची ताकद) देणारा छेद कायम राखायचा, त्याच्या वर साचेल तो काढायचा गाळ, अशी व्याख्या तिन्ही खात्यांनी सही करून मान्य करायची. पावसाळा संपल्यावर मोजणी, उपशाआधी पुन्हा मोजणी, उपसा झाल्यावर लगेच तिसरी. पहिल्या मोजणीवरून पुढच्या अंदाजपत्रकाचा आकडा निघतो. दुसरी आणि तिसरी यांच्यातल्या फरकावर कंत्राटदाराचं बिल. डंपरच्या फेऱ्यांवर बिल देऊ नका. ओला गाळ पाण्यासकट तोलला जातो, उपसल्यावर तो फुगतो आणि फेऱ्यांच्या नोंदी कागदावर कशाही वाढवता येतात. मुंबईत मिठी नदीच्या गाळउपशाच्या कंत्राटांबाबत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, त्यात गाळ कुठे टाकला याच्या कागदपत्रांचाच मोठा प्रश्न होता. मोजणी करणारी संस्था कंत्राटदाराने नेमलेली नसावी, ही अट ठळक लिहा.

आणखी एक, कारण लोक नेहमी उलटं मागतात: "जेवढं खोल जाईल तेवढं जा." तसं करू नये. पुलाच्या खांबांलगत जास्त खोल गेलं तर पाया उघडा पडतो. पात्र गरजेपेक्षा रुंद-खोल केलं की पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच जास्त बसतो. मग दरवर्षी तोच खड्डा भरायचा आणि तोच उपसायचा.

हिशेबवही

पैशाबद्दल लिहितो. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने बंदरांत उतरणाऱ्या मालावर त्याच्या किमतीच्या प्रमाणात कर बसवला (आधी ०.०४ टक्के, १९९० च्या कायद्यानंतर ०.१२५ टक्के) आणि तो जलमार्गांच्या देखभालीच्या गाळउपशासाठी वेगळ्या निधीत ठेवला. ऐकायला उत्तम. पण निधीत पैसा साठत गेला आणि वर्षानुवर्षं त्यातला बराचसा खर्चच झाला नाही, कारण खर्चाची मंजुरी दरवर्षी वेगळी घ्यावी लागायची. म्हणून प्रस्तावात दोन वाक्यं लिहा: पैसा स्वतंत्र खात्यात राहील, आणि मोजणीत गाळ ठरलेल्या पातळीच्या वर दिसला की वेगळ्या मंजुरीशिवाय तो खर्च करता येईल. दुसरं वाक्य विसरलात तर पहिल्याचा उपयोग नाही.

शिवाय तुमच्या नदीत जहाजं किती? मालावरचा कर तुमच्याकडे फार देणार नाही. पुराचं पाणी वाढवतं कोण? छपरं, रस्ते, फरशी घातलेली आवारं. जर्मनीतल्या शहरांत पावसाच्या पाण्याचं शुल्क बांधकाम आणि फरसबंदी केलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर घेतात. जो जास्त पाणी सोडतो तो जास्त देतो. मला हे न्याय्य वाटतं. काठावरच्या लहान घरांवर बोजा पडत नाही आणि मोठ्या वाहनतळाचा मालक सुटत नाही. बांधकामाची माती नाल्यात सोडणाऱ्यांकडून दंड घ्याच, पण त्यावर अंदाजपत्रक उभं करू नका. दंडाचं उत्पन्न कधी येईल सांगता येत नाही, गाळ मात्र दरवर्षी येतो.

वाटणी नदीच्या लांबीवर करू नका, मोजलेल्या घनमीटरवर करा. काही भाग गाळ जिथून येतो त्या क्षेत्राच्या खात्याने द्यावा, काही जिथे साचतो तिथल्याने. नाहीतर वरच्यांना माती अडवण्यात रसच उरत नाही.

भरती-ओहोटी

गाळ काढून ठेवणार कुठे, हे कोणीच विचारलं नाही. सगळी कामं इथेच अडकतात. शहरातल्या नदीच्या गाळात जड धातू आणि तेल असू शकतं. धरणातल्या गाळासारखा तो सरसकट शेतात पसरता येत नाही. आधी नमुने तपासा, मग जागा ठरवा, मग निविदा. क्रम हाच.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीचा गाळ ईरी तळ्यात टाकायला ओहायो राज्याने हरकत घेतली, कारण त्यात पीसीबी ही विषारी रसायनं होती. जास्तीचा खर्च कोणी करायचा यावरून उपसाच अडला आणि २०१५ मध्ये न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्याच नदीत वरच्या बाजूला तळाशी घरंगळत येणारी वाळू पकडायची सोय केली आहे. ती वाळू स्वच्छ असते आणि विकली जाते. तुमच्याकडे शहराच्या वेशीवर असा गाळसापळा करता आला तर रोज थोडा उपसा होईल आणि खालचं काम कमी होईल.

नेदरलँड्समध्ये पाणी-मंडळं निवडणुकीने येतात आणि स्वतःचा कर घेतात. प्रत्येक जलमार्गाची मापं आणि देखभाल कोणाची, हे त्यांच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. देखभालीत निघालेला गाळ काठावरच्या जमीनमालकांनी स्वीकारायचा, असं कायदाच सांगतो.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजपट्टी काका, आडव्या छेदांचा मुद्दा प्रस्तावात पहिला घेते. पण मेळ घालण्याचं अजून बोललो नाही. मिठी नदीची १७.८४ किलोमीटर लांबी मुंबई महापालिका (११.८४) आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे एमएमआरडीए (६) यांच्यात वाटली होती आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दोघांच्या वर नदीसाठी वेगळं प्राधिकरणही नेमलं होतं. केवळ समिती नेमून काम होत नाही असं दिसतं. मग प्रमुखाला कोणते अधिकार हवेत?

मोजपट्टी

तीनच मागा. मोजणी त्याने करून घ्यायची. उपशाचं एकच वेळापत्रक त्याने लावायचं, कोणता पट्टा आधी आणि कोणत्या भरतीला उपशाच्या यंत्राचा तराफा पुलाखालून जाईल ते धरून. आणि तिन्ही खात्यांचा वाटा आधी त्याच्या खात्यात जमा व्हायचा, बिल त्याने द्यायचं. पैसा ज्याच्या हातात नाही त्याच्या वेळापत्रकाला कोणी विचारत नाही. कंत्राटही एकच, तीन ते पाच वर्षांचं. दरवर्षी नव्या निविदेत हंगामाचे चांगले महिने जातात.

त्या झडपेसारख्या जागांची वेगळी यादी जोडा: नाल्यांची तोंडं, पुलांच्या कमानी, नळवाहिन्यांखालच्या चिंचोळ्या जागा. तिथे यंत्र लागत नाही, माणसं आणि घमेली लागतात. ते काम मोठ्या कंत्राटात घातलंत तर शेवटी ढकललं जाईल.

नदीकाठ

यादी या आठवड्यात काठाने चालत जाऊन करतो आहोत, प्रत्येक तोंडाचा फोटो आणि गाळाची उंची लिहून. आता दोन गोष्टी अडल्यात. घनमीटरवर खर्च वाटण्याचा करार कोणी प्रत्यक्ष लिहिला असेल तर त्याच्या अटी इथे टाका. आणि वरच्या खात्याने "माती आमची नाही, डोंगर खोदणाऱ्यांची आहे" असं म्हटलं तर कोणाची माती किती, हे मोजणीतून कसं दाखवायचं? वेशीवर गढूळपणा मोजणारं यंत्र पुरेल का, की उपनदीगणिक वेगळं लागेल?